नदीचा उजवा हात कोणता?

आमच्या खानापूर तालुक्यात म्हादईचा उगम आहे. भीमगडच्या रानात ती इतकी लहान असते की पावसाळा सरल्यावर माणूस धोतर गुडघ्यापर्यंत खोचून सहज पलीकडे जातो. तीच नदी घाट उतरून गोव्यात शिरते, मांडवी होते आणि पणजीपाशी एवढी रुंद होते की पलीकडच्या काठावरचा माणूस ओळखू येत नाही. भूगोलाचा शिक्षक म्हणून मी ही नदी तीसएक वर्षे फळ्यावर काढली. उगमाकडे पाठ आणि मुखाकडे तोंड करून उभे राहायचे. उजव्या हाताला येईल तो उजवा तीर, डाव्या हाताला येईल तो डावा. परीक्षेत दोन गुणांचा प्रश्न. त्यात वाद घालण्यासारखे काही असेल असे मला कधी वाटले नव्हते.

वाद झाला तो पणजी-बेती फेरीबोटीवर. निवृत्तीनंतर नातेवाइकांकडे गेलो होतो, बरोबर नातू होता. दिवेलागणीची वेळ. बेतीच्या अंगाला पाण्यावर एक तांबडा दिवा लुकलुकत होता, पणजीच्या अंगाला एक हिरवा. सवयीने मी नातवाला म्हणालो, "तो बघ, उजव्या तीराचा दिवा तांबडा." शेजारी दोरखंड गुंडाळीत बसलेला खलाशी हसला. "ना मास्तर," तो म्हणाला, "तांबडो दावो. पाचवो उजवो."

मी त्याला उगम आणि मुख समजावून सांगितले. त्याने ते शांतपणे ऐकून घेतले आणि आग्वादच्या दिशेने हात केला. "तुमी दोंगरावेल्यान पळयतात. आमी दर्यांतल्यान येतात."

फेरी धक्क्याला लागली, वाद तिथेच राहिला. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. त्याचे बरोबर होते आणि माझेही चूक नव्हते. मग नदीवरच्या दिव्यांना आणि पाट्यांना डावे-उजवे कोणी शिकवले, याचा शोध घेण्याचा नाद मला लागला. त्या नादात मांडवीवरून मी थेट अमेरिकेतल्या मिसिसिपीपर्यंत पोचलो, कारण नदीकाठच्या दिव्यांचा आणि पाट्यांचा सर्वांत सलग इतिहास त्या नदीवर सापडतो.

आधी बोटीवरच्या दिव्यांचे थोडे सांगायला हवे, कारण काठावरचे दिवे त्यांच्यानंतर आले. शिडाच्या होड्या बहुधा अंधार पडला की नांगर टाकीत. वाफेची बोट आली आणि रात्रीची रहदारी वाढली. तिच्याबरोबर टकरीही वाढल्या. अमेरिकेच्या काँग्रेसने १८३८ मध्ये कायदा करून सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत चालणाऱ्या आगबोटींना दिवा लावण्याची सक्ती केली. पण नुसता दिवा एवढेच सांगतो की इथे बोट आहे. ती येते आहे की जाते आहे, हे त्यावरून कळत नाही. त्यावरचा तोडगा ब्रिटिश नौदल खात्याने १८४८ मध्ये नियमांत बसवला : डाव्या बाजूला तांबडा दिवा, उजव्या बाजूला हिरवा आणि डोलकाठीवर पांढरा. पुढे १८६३ मध्ये ब्रिटन आणि फ्रान्सने मिळून नियम केले, दुसऱ्याच वर्षी अमेरिकेने ते उचलले, आणि आज जगभर चालतात ते १९७२ चे टक्करप्रतिबंधक नियमही याच पायावर उभे आहेत.

यातली युक्ती साधी आहे. बाजूचा प्रत्येक दिवा समोरून आपापल्या बाजूला ११२.५ अंशांपर्यंतच दिसेल असा आडोसा त्याला केलेला असतो. त्यामुळे अंधारात तांबडा आणि हिरवा दोन्ही दिसले तर बोट सरळ आपल्यावर येते आहे असे समजावे. नुसता तांबडा दिसला तर तिची डावी कूस आपल्याकडे आहे, नुसता हिरवा दिसला तर उजवी. फक्त पांढरा दिसला तर बहुधा आपण तिच्या मागे आहोत. न बोलता, न ओरडता, कोणत्याही भाषेचा माणूस हे वाचू शकतो. इथे डावे-उजवे बोटीचे स्वतःचे आहे, म्हणून घोटाळा नाही. बोटीला नाळ असते, तोंड असते. घोटाळा सुरू होतो तो काठावर.

मिसिसिपीवर पहिली आगबोट १८११ साली उतरली. पुढची साठ वर्षे त्या नदीवर वाट दाखवणारा सरकारी दिवा नव्हता. वाळूचे दांडे दर पुरात जागा बदलीत. मुळासकट वाहून आलेली झाडे तळात रुतून बसत आणि त्यांच्या टोकांनी बोटींची पोटे फाटत. हेन्री श्रीव्ह नावाच्या कप्तानाने १८२९ मध्ये ही झाडे उपटण्यासाठी 'हेलिओपोलिस' नावाची खास बोट बांधली, पण खोल पाणी कुठे आहे हे सांगणारा एकच माणूस होता, तो म्हणजे पायलट. सेंट लुईपासून न्यू ऑर्लिन्सपर्यंतचे हजार-बाराशे मैलांचे पात्र त्याला तोंडपाठ असावे लागे. तेही दोनदा, कारण वर जाताना दिसणारी नदी खाली येताना वेगळी दिसते. त्यातही दिवसाची वेगळी, चांदण्यातली वेगळी, धुक्यातली वेगळी. १८५२ च्या कायद्याने पायलटला परवाना घेणे भाग पडले. सॅम्युएल क्लेमेन्स या तरुणाला असा परवाना १८५९ मध्ये मिळाला. दोन वर्षांनी यादवी युद्ध सुरू झाले आणि त्याचा धंदा बसला. पुढे हाच माणूस मार्क ट्वेन या नावाने जगाला माहीत झाला. हे नावही नदीवरचेच. शिसे बांधलेली दोरी पाण्यात सोडून खोली मोजणारा माणूस दोन वाव पाणी लागले की ही आरोळी देई. दोन वाव म्हणजे बारा फूट, म्हणजे बोटीला पुरेसे.

नदीची विद्या अशी एका जातीच्या माणसांच्या डोक्यात साठलेली होती. ती मोठी होती, पण बंदही होती. पायलट आजारी पडला की बोट धक्क्याला, आणि पायलट चुकला की बोट तळाला.

१८७४ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने समुद्रावरची दीपगृहे सांभाळणाऱ्या लाइटहाऊस बोर्डाकडे मिसिसिपी, ओहायो आणि मिसूरी या नद्या सोपवल्या. समुद्रावर खडक जागचा हलत नाही, म्हणून तिथे दगडी दीपगृह बांधता येते. नदीवर ते करून चालणार नव्हते. १८७६ मध्ये मिसिसिपीने एक वळण कापून टाकले आणि व्हिक्सबर्ग शहराचा धक्का एकाएकी कोरडा पडला. १८८१ च्या पुरात तिने आपले पात्रच हलवले आणि इलिनॉय राज्याची पहिली राजधानी असलेले कॅस्कॅस्किया गाव नदीच्या पलीकडे, मिसूरीच्या अंगाला, जाऊन पडले. सरकारी कागदांत ते गाव आजही इलिनॉयमध्येच आहे. आपल्या भागातल्या वाचकांना याची गंमत आणि वेदना दोन्ही निराळ्या सांगायला नकोत.

अशा नदीवर उपाय निघाला तो अगदी घरगुती : काठावर एक लाकडी खांब, त्यावर कंदील. नदी सरकली की खांब उपटायचा आणि नव्या जागी रोवायचा. कंदिलात काही दिवस पुरेल एवढे तेल मावे. त्याला नेमून दिलेला राखणदार म्हणजे जवळचाच शेतकरी, कुठे कोळी, कुठे एखादी बाई. पगार नावापुरता. वात कापायची, काच पुसायची, तेल भरायचे, पूर आला तर होडीत बसून कंदील सोडवून आणायचा. तेलाचे पिंप आणि सामान पोचवण्यासाठी बोर्डाने १८७५ मध्ये 'लिली' नावाची बोट ठेवली. इतिहासाच्या पुस्तकांत दीपगृहांची चित्रे येतात, या कंदीलवाल्यांची येत नाहीत. पण नदीची विद्या पायलटच्या डोक्यातून काढून काठावर आणून लावली ती त्यांनी.

ट्वेन १८८२ मध्ये मुद्दाम आपल्या जुन्या नदीवर परतला. दोन्ही काठांवर दिवे पाहून त्याला चुटपुट लागली. आता वाट चुकणे कठीण झाले, पायलटकीतली अद्भुतता गेली, असे त्याने पुढच्या वर्षी निघालेल्या पुस्तकात लिहिले. त्याचे दुःख मला कळते. पण त्या बोटींच्या खालच्या मजल्यावर झोपलेल्या गरीब उतारूंना काय वाटले असेल, तेही मला कळते.

दिवा रात्री उपयोगी, दिवसाचे काय? त्यासाठी त्याच खांबावर पाटी आली. अमेरिकन लोक तिला डेबोर्ड म्हणतात, म्हणजे दिवसा वाचायची पाटी. तिच्यावर वाक्य नसते. तिचा आकार आणि रंग हाच तिचा मजकूर. आजच्या मिसिसिपीवर प्रवाहाच्या दिशेने पाहता उजव्या तीरावर हिरवी चौकोनी पाटी असते आणि डाव्या तीरावर तांबडी त्रिकोणी. आकार वेगळा ठेवण्याला कारण आहे. मावळत्या उन्हात पाटी उजेडाच्या विरुद्ध आली की रंग दिसत नाही, काळी आकृती तेवढी दिसते. शिवाय काही पुरुषांना जन्मतःच तांबडे आणि हिरवे वेगळे करता येत नाही. म्हणून दिव्यांतही रंगावर विसंबून न राहता ताल ठेवला आहे : उजव्या तीराचा दिवा एकेकदा चमकतो, डाव्या तीराचा दोन-दोनदा.

याशिवाय आणखी एक पाटी आहे, ती कोपऱ्यावर उभ्या केलेल्या चौकोनाची. दिवाळीच्या दिवसांत तिला शंकरपाळ्यासारखी म्हटले तर घरातल्या लहानांनाही कळेल. ही ओलांडणीची पाटी. नदी वळते तेव्हा पाण्याचा जोर वळणाच्या बाहेरच्या काठावर येतो. तो तिथला तळ खोदतो आणि आतल्या काठाला वाळू टाकतो. म्हणून खोल पाणी बाहेरच्या काठाला. पुढचे वळण उलट्या बाजूला असले की खोल पाणीही नदी ओलांडून समोरच्या काठाला जाते. नवख्या नावाड्याला ही जागा कळत नाही. शंकरपाळ्याची पाटी त्याला सांगते की हा काठ सोड आणि माझ्याकडे ये. पाटीखाली मैलाचा आकडा असतो. पिट्सबर्गपासून मोजत आलेली ओहायो ९८१ मैलांवर कैरो गावाशी मिसिसिपीला मिळते, हे कप्तान नकाशा न उघडता काठावरच्या आकड्यांवरून ताडीत येतो. आमच्या मलप्रभेच्या किंवा कृष्णेच्या कोणत्याही वळणावर उभे राहिले तर हाच खेळ दिसेल. फक्त पाटी नसेल.

आता माझ्या मूळ वादाकडे येतो. मिसिसिपीवर डावा तीर तांबडा. मांडवीवर मी ज्याला उजवा तीर म्हणतो तो तांबडा. असे उलटे का?

अमेरिकेने १८५० मध्येच कायदा केला होता की समुद्राकडून आत येताना उजव्या हाताला तांबडे बोये असावेत आणि डाव्या हाताला काळे. नदीत वर जाणे म्हणजे समुद्राकडून आत येणे. वर जाणाऱ्याचा उजवा हात तो प्रवाहाच्या हिशेबाने डावा तीर. १८८९ साली वॉशिंग्टनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेनेही डावीकडे काळा आणि उजवीकडे तांबडा हेच मान्य केले. इथपर्यंत सारे एकमत होते. पण पुढे बोयांवर दिवे आले. काळा दिवा तर लावता येत नाही! अमेरिकेने तांबड्या बोयावर तांबडा दिवा लावला, म्हणजे उजवीकडे. युरोपातल्या काही देशांत बंदराच्या तोंडाशी डाव्या बाजूला तांबडा दिवा लावण्याची रीत होती, त्यांनी ती धरून डावीकडच्या बोयावर तांबडा लावला. दोघांचेही आपापल्या जागी बरोबर. आणि दोघांच्या बरोबरीतून एकच तांबडा दिवा दोन उलट अर्थ सांगू लागला. १९३६ मध्ये जिनिव्हाला तांबडा डावीकडे ठेवण्याचा मसुदा झाला, पण महायुद्ध आले आणि तो कागदावरच राहिला. १९७६ पर्यंत जगात अशा तीसहून अधिक पद्धती चालू होत्या.

मधल्या काळात किंमत मोजली गेली. ११ जानेवारी १९७१ रोजी डोव्हरच्या सामुद्रधुनीत 'टेक्साको कॅरिबियन' हे तेलवाहू जहाज टक्कर होऊन बुडाले. दुसऱ्या दिवशी 'ब्रँडेनबर्ग' हे जहाज त्याच्या सांगाड्यावर आदळून बुडाले. मग त्या जागेभोवती दिवे आणि बोये लावले गेले. तरी फेब्रुवारी संपता संपता 'निकी' नावाचे तिसरे जहाज तिथेच जाऊन बुडाले. तीन जहाजांत मिळून एक्कावन्न माणसे गेली. दिवे होते, पण दिवा असणे आणि दिव्याचा अर्थ पाहणाऱ्यापर्यंत पोचणे या दोन गोष्टी आहेत.

त्यानंतर मात्र हालचाल झाली. नोव्हेंबर १९८० मध्ये टोकियोला पन्नास देश बसले. सगळ्यांचा तांबडा एकाच बाजूला आणणे त्यांनाही जमले नाही. त्यांनी जगाचे दोन भाग केले. दोन्ही अमेरिका, जपान, कोरिया आणि फिलिपाइन्स यांचा 'ब' विभाग. तिथे आत येताना तांबडा उजवीकडे. बाकीच्या जगाचा 'अ' विभाग. तिथे तांबडा डावीकडे. भारत 'अ' विभागात आहे. पण एका गोष्टीवर सगळे एक झाले : आकारांचे अर्थ दोन्हीकडे एकच राहतील, काळा रंग जाऊन हिरवा येईल, आणि डावे-उजवे ठरवताना तोंड कोणीकडे करायचे ते आधी जाहीर केले जाईल.

हे शेवटचे कलम मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, आणि त्याचे कारण पुन्हा मांडवीत आहे. मांडवी आणि जुवारी यांना जोडणारा सतरा किलोमीटरांचा कुंभारजुव्याचा कालवा आहे. पावसाळ्यात आग्वादच्या तोंडाशी वाळूचा बांध आणि खवळलेला दर्या यांमुळे मांडवीची वाट बंद होई. तेव्हा खनिजाने भरलेले बार्ज या कालव्यातून जुवारीत आणि तिथून मुरगाव बंदरात जात. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा ही रांग थांबली. पुढे ती तुटक-तुटक चालली. २०१६ च्या कायद्याने मांडवी, जुवारी आणि हा कालवा तिघेही राष्ट्रीय जलमार्ग ठरले. या कालव्याची गंमत अशी की त्याला दोन्ही टोकांनी भरतीचे पाणी येते. मग समुद्राकडून आत कोण येतो? मांडवीकडून शिरणारा म्हणेल मी, जुवारीकडून शिरणारा म्हणेल मी. उगम-मुखाचा माझा फळ्यावरचा नियम इथे लंगडा पडतो आणि खलाशाचा दर्याचा नियमही. अशा ठिकाणी निसर्ग उत्तर देत नाही. माणसांनी बसून ठरवावे लागते आणि ठरवलेले नकाशावर छापावे लागते. एकदा छापले की मग कोणाचा उजवा खरा, हा प्रश्न उरत नाही.

आमच्या जिल्ह्यात पाट्यांवरून काय काय घडले ते मी सांगायला नको. पाटीवर कोणती अक्षरे असावीत यासाठी माणसांनी डोकी फोडून घेतलेली मी पाहिली आहेत. माझ्या भाषेतली पाटी मला हवी, हे मी आजही म्हणतो, आणि ते म्हणण्यात मला काही गैर वाटत नाही. पण नदीवरच्या या बिनअक्षरी पाट्यांचा इतिहास वाचल्यावर एक गोष्ट मनात रुजली. मी उजवा म्हणतो तेव्हा मी कुठे उभा आहे, हे समोरच्याला सांगणे माझ्याकडे लागते. ते न सांगता मी तीस वर्षे 'उजवा तीर' शिकवला. नियम चुकीचा नव्हता. पण दर्यातून येणारा माणूसही याच नदीवर असतो, हे मी मुलांना एकदाही सांगितले नाही.

म्हादईच्या पाण्यावरून राज्यांचा तंटा लवादापुढे गेला. २०१० मध्ये लवाद नेमला गेला, २०१८ मध्ये त्याचा निवाडा आला, आणि तरी भांडण मिटलेले नाही. त्यात कोणाचे किती, हे सांगण्याचा माझा अधिकार नाही. पण त्या बातम्या वाचताना मला तो खलाशी आठवतो. डोंगरावरून पाहणारे आणि दर्यातून येणारे एकाच नदीबद्दल बोलत असतात, आणि दोघांनाही आपला उजवा तोच नदीचा उजवा वाटतो.

गेल्या वर्षी पुन्हा पणजीला गेलो होतो. नातू आता मोठा झाला आहे. फेरीबोट मध्यावर आली तेव्हा त्याने बेतीकडच्या तांबड्या दिव्याकडे बोट दाखवून मुद्दाम विचारले, "आजोबा, हा डावा की उजवा?"

मी म्हणालो, "आधी सांग, आपण खानापुराहून आलो की आग्वादहून?"